दीड किलोचा काटा

मखमलाबादच्या कोंडाजी मौलेला मोजायची भारी हौस होती. पाऊस पडून गेला की गावातले बाकीचे ‘बरा झाला’ म्हणून मोकळे व्हायचे. कोंडाजी मात्र अंगणातल्या रिकाम्या डब्यात पोराची फूटपट्टी बुडवायचा आणि पारावर जाऊन आकडा सांगायचा. तो आकडा कुणी विचारलेला नसायचा. त्याची बायको गोजराबाई उंचीनं अंमळ कमी. ती म्हणायची, “नशीब, मला बघायला आले तवा यांच्या खिशात टेप नव्हता.”

कालव्याच्या कडेला त्याचं माळव्याचं रान होतं. फ्लॉवर, टोमॅटो, मेथी, आणि बांधाच्या अंगानं झेंडू-शेवंतीचे पट्टे. पंचाण्णव साली त्यानं टोमॅटोला ठिबक केलं आणि ठिबकच्या फिल्टरवर प्रेशरचे दोन काटे बसले. एक पाणी फिल्टरमध्ये शिरताना, दुसरा बाहेर पडताना. बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं, “दोन काट्यांत फरक दिसला की समजायचं, फिल्टर तुंबला.” कोंडाजीला हे इतकं भावलं, की सुरुवातीला तो टोमॅटोकडे कमी आणि काट्यांकडे जास्त बघायचा. न उघडता आतलं कळतं, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली.

पुढच्या वर्षी त्यानं जुनी डिझेल पिकअप घेतली. आधीच्या मालकानं ती सटाण्याच्या बाजूला कांद्याला वापरलेली, त्यामुळे पावसाळ्यात हौद्याला कांद्याचा वास सुटायचा. बाकी गाडी बरी होती. पंचवटीतल्या मार्केटला माल न्यायची, रविवारी सिन्नरच्या बाजाराला जायची. चालवायचा कोंडाजी स्वतः, शेजारी गोजराबाई, मागं माल.

सिन्नरला जायचं तर मोहदरी घाट चढावा लागतो. घाट काही मोठा नाही, पण भरल्या गाडीचा जीव काढतो. एका रविवारी फ्लॉवर भरून निघालेली पिकअप घाटात निम्म्यावर आली आणि तिचा दम सुटला. कोंडाजीनं दुसरा गिअर टाकला, मग पहिला. पाय पार तळाला टेकवला तरी गाडी आजाऱ्यासारखी चालली होती. मागून ट्रक गेले, एसटी गेली. उसाचा ट्रॅक्टर गेला तेव्हा कोंडाजीनं मान दुसरीकडे वळवली. आणि मग आली पुंजारामची जीप.

पुंजाराम म्हणजे कोंडाजीचा साडू, गोजराबाईच्या धाकट्या बहिणीचा, चंद्रभागेचा नवरा. राहायला सिन्नरला. नाशिकरोड ते सिन्नर वडाप जीप चालवायचा. आत माणसं, मागं लटकलेली माणसं, टपावर दोन करडं आणि त्यांना धरून बसलेला एक म्हातारा, असं सगळं घेऊन ती जीप टुणटुण करत पिकअपच्या बरोबरीला आली. पुंजारामनं मुद्दाम वेग कमी केला, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला,

“काय साडू, धक्का देऊ का?”

जीपमधली सगळी माणसं हसली. टपावरचा म्हाताराही हसला. कोंडाजीनं तेही गिळलं असतं. पण शेजारी बसलेली गोजराबाई पदर तोंडात धरून हसत होती, तो घास काही त्याच्या घशाखाली उतरेना.

“तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला बोलायची काय रीत हाय का नाय?”

“बोलायची रीत नाय त्याला,” गोजराबाई डोळे पुसत म्हणाली, “पण गाडी हाय.”

सोमवारी सकाळीच कोंडाजी द्वारकेजवळ बारकू मिस्तरीच्या गॅरेजात जाऊन बसला. बारकू बोलायला तुसडा, पण हाताला गुण होता. त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, चक्कर मारून आणली आणि म्हणाला, “अजून तेच. पंपाला डिझेल पोटभर मिळत नाय, कोंडाजीभाऊ. टाकीतनं डिझेल ओढून मोठ्या पंपाकडं लोटायला एक छोटा पंप असतो, फीड पंप. त्याचं प्रेशर बघावं लागंल.”

‘प्रेशर’ म्हटल्यावर कोंडाजी स्टुलावरून उठलाच.

बारकूनं आपल्या पेटीतून एक पितळी काटा काढला, डिझेलच्या नळीला जोड दिला, लांब पाइप लावून तो काटा बाहेरून पुढच्या काचेपाशी चिकटपट्टीनं बांधला. मग हौद्यात गॅरेजमधले जुने टायर आणि दोन गिअरबॉक्स टाकून दोघं मोहदरीच्या वाटेला लागले. सपाटीला काटा एक किलोच्या थोडा वर होता. प्रेशरही किलोतच मोजतात, हे कोंडाजीला ठिबकमुळं माहीत होतं. घाट लागला, इंजिनावर जोर आला आणि काटा खाली सरकायला लागला. पाऊण. अर्धा. पाव. गाडीनं मान टाकली तेव्हा काटा शून्यावर टेकला होता.

“बघ! बघ!” कोंडाजी आनंदानं ओरडला. आपली गाडी बंद पडते आहे म्हणून इतका खूश झालेला माणूस बारकूनं आजवर पाहिला नव्हता.

दोष दोन निघाले. फीड पंप म्हातारा झाला होता आणि टाकीकडून येणारी रबरी नळी आतून सोलली होती. जोर लागला की तिचं सोललेलं सालपट आत मिटायचं आणि डिझेलची वाट अडायची. बाहेरून नळी अगदी ठणठणीत. बारकूनं दोन्ही बदललं. त्याच घाटात, त्याच टायरांसकट काटा दीड किलोवर उभा राहिला आणि हलला म्हणून नाही. पिकअप तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. कोंडाजीला वाटलं, आत्ता या क्षणी पुंजारामची जीप समोर असायला पाहिजे होती.

गॅरेजात परत आल्यावर बारकू काटा सोडायला लागला, तर कोंडाजीनं त्याचा हात धरला.

“राहू दे ना.”

“माझा हे तो. आन् कशाला पाहिजे? ताप गेल्यावर थर्मामीटर कुणी तोंडात धरून फिरतं का?”

कोंडाजीनं त्याचा हात सोडला. घरी गेला, ठिबकच्या फिल्टरवरचा बाहेरच्या बाजूचा काटा पान्यानं सोडवला, भोकाला बूच मारलं आणि दुसऱ्या दिवशी काटा कागदात गुंडाळून पुन्हा गॅरेजात हजर. मोठ्या मिनतवारीनं बारकू तयार झाला, पण त्याची एक अट होती. “केबिनमदी डिझेलची नळी आणणार नाय. फुटली तर मांडीवर अंघोळ, आन् त्यात तुमी बिडी ओढता. बाहेरच बसंल, काचेच्या खाली.”

तर काटा बसला बाहेर, बॉनेटच्या मागं, ड्रायव्हरच्या बरोब्बर समोर. इंजिनाच्या धक्क्यांनी तो थरथरायचा म्हणून बारकूनं नळीत बारीक भोकाचा वायसर घातला, तेव्हा काटा शहाण्या पोरासारखा स्थिर झाला. पावसाळ्यात वायपर त्याच्यावर आपटायला लागला. कोंडाजीनं काटा हलवला नाही, वायपर कापला. त्यामुळे पावसात काचेचा एक कोपरा धूसर राहायचा, पण काटा स्पष्ट दिसायचा.

गोजराबाईला ठिबकची चोरी कळायला वेळ लागला नाही.

“आता टोमॅटोचा फिल्टर तुंबला तर कळंल कसं?”

“एका काट्यावरनं अंदाज येतो की.”

“पाऊस फूटपट्टीनं मोजायचा,” गोजराबाई म्हणाली, “आन् टोमॅटोला अंदाज!”

त्यानंतर कोंडाजीबरोबर गाडीत बसणं ही एक शिक्षा झाली. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, ‘कसं काय?’ विचारलं, की तो सांगायचा, “दीड!” मार्केटात हमालांचा गोंधळ उडायचा. त्यांच्या लेखी काटा म्हणजे वजनकाटा. कोंडाजी ऐटीत म्हणायचा, “काटा दीडवर आहे,” आणि हमाल म्हणायचा, “मग ही एवढी पोती कुणाची?” गावातल्या पोरांनी त्या काट्याचं नाव बीपी ठेवलं. पारावरून गाडी गेली की एखादा तरी ओरडायचा, “कोंडाजीतात्या, बीपी किती?” यात आपली टिंगल आहे हे कोंडाजीच्या ध्यानात यायचं नाही. तो खिडकीतून बोटांनी खूण करून खराखुरा आकडा द्यायचा.

गोजराबाईच्या भाचीचं लग्न ओझरला होतं. गोजराबाईनं नऊवारी पैठणी नेसली, आहेराची पिशवी मांडीवर घेतली आणि दोघं पिकअपमधून निघाले. आडगाव मागं पडलं. हायवे गुळगुळीत, गाडी रिकामी, आणि रिकाम्या गाडीत सपाटीला काटा दीडच्या किंचित वर जातो, हा नवा शोध कोंडाजीला त्या दिवशी लागला. तो गोजराबाईला समजावून सांगत होता की भार कमी म्हणजे खप कमी आणि खप कमी म्हणजे प्रेशर वर. गोजराबाईला डुलकी लागली. ती जागी झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या पेट्या भरणं चालू होतं आणि समोर पिंपळगावची पाटी होती.

“ओझर कुठं गेलं?” तिनं विचारलं.

कोंडाजीनं आजूबाजूला पाहिलं. विमानाच्या कारखान्याची एवढी लांब भिंत, ती बाजूनं निघून गेली आणि त्याला दिसली नव्हती.

ते मांडवात पोचले तेव्हा शेवटची पंगत बसली होती आणि नवरी-नवरा फोटोला कंटाळले होते. गोजराबाईला जो तो विचारी, “उशीर का गं झाला?” आणि ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणे, “यांना इचारा. बीपी वर गेलं होतं.” त्यावर मावश्यांनी काळजीनं कोंडाजीला खुर्चीत बसवलं, लिंबूपाणी दिलं आणि मिठाचं सगळं त्याच्या ताटातून काढून घेतलं. खरं काय ते सांगायची त्याला सोय उरली नाही. लग्नाला जाऊन अळणी वरणभात खाऊन आला बिचारा.

एवढ्यावर थांबला असता तर तो कोंडाजी कसला? एका दुपारी बांधावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात आलं की दीड किलोला गाडी घाट इतकी छान चढते, तर अडीच किलोला काय करेल. त्यानं बारकूला विचारलं. बारकू हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, “काय नाय करणार. पंपाला पोटभर मिळालं की झालं. जास्तीचं डिझेल टाकीकडं परत जातं, त्याच्यासाठी तिथं स्प्रिंगचा वॉल हे. तुमी कितीबी वाढा, खाणारा भुकेइतकंच खातो.”

हे सगळं बोलणं कोंडाजीच्या कानावरून गेलं. त्यातलं ‘स्प्रिंग’ तेवढं डोक्यात राहिलं.

घरी त्यानं तो वॉल, म्हणजे परतीच्या वाटेवरची झडप, खोलला. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान स्प्रिंग. तिच्याखाली त्यानं एक वायसर सरकवला. स्प्रिंग ताठ झाली, परतीची वाट जड झाली आणि काटा चढला. पावणेदोन! त्याला अशी मजा वाटली की आठवड्याभरानं दुसरा वायसर गेला. मग तिसरा. गणपतीच्या सुमारास काटा अडीचला टेकला. गाडी आता वाऱ्यासारखी पळते, असं कोंडाजी शपथेवर सांगायचा. पळत होती ती आधीसारखीच, पण काटा वर होता, तेव्हा त्याला तसं दिसायचं.

त्याच सुमारास आणखी एक चमत्कार झाला. इंजिनाचं ऑइल वाढायला लागलं. पट्टी बाहेर काढून बघावी तर खुणेच्या वर! लोकांच्या गाड्या ऑइल खातात, आणि याच्या गाडीत ऑइल आपोआप तयार होतं. चहाच्या टपरीवर त्यानं हे छाती फुगवून सांगितलं. “प्रेशरचा गुण हाय,” तो म्हणाला. ऐकणाऱ्यांपैकी एकानं आपल्या गाडीलाही असं होईल का म्हणून विचारलं, तेव्हा कोंडाजीनं ‘बघू’ म्हणून भाव खाल्ला.

गोजराबाईला हे पटलं नाही. पट्टी पुसायचं फडकं धुवायला तिच्याकडे यायचं. तिनं ते नाकाशी धरलं.

“याला रॉकेलसारखा वास येतोय.”

“तुला ऑइलमधलं काय कळतं?”

“ऑइलमधलं नाय कळत. पण न घालता वाढणारी वस्तू मी अजून पाहिली नाय. म्हशीला बी पेंड लागती.”

कोंडाजीनं फडकं तिच्या हातातून घेतलं आणि विषय बदलला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची क्रेटं भरून दोघं सिन्नरला निघाले. हौदा नुसता केशरी झाला होता. शिंदे गाव गेलं, घाट लागला. निम्मा चढ चढून झाल्यावर इंजिनाचा आवाज बदलला. कोंडाजीनं पाय उचलला, तरी आवाज वाढतच होता. त्यानं गाडी कडेला घेऊन क्लच दाबला, तर इंजिन पिसाळल्यासारखं ओरडायला लागलं. मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा असा लोट उठला की मागचे ट्रकवाले थांबले. कोंडाजीनं चावी फिरवली, बंद करायचा दांडा ओढला. इंजिन बंद होईना. ते आता डिझेल पंपाकडून घेतच नव्हतं. ऑइलच्या चेंबरात साठलेलं पातळ पेय ते स्वतःच ओढून पीत होतं.

“उतर!” कोंडाजी ओरडला.

“तुमी?”

“उतर म्हणतो ना!”

गोजराबाई उतरली, पण लांब गेली नाही. धुरात उभी राहून दार धरून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काट्याकडे बघायचं सुचलं नाही. त्यानं टॉपचा गिअर टाकला, ब्रेकवर सगळं वजन देऊन उभा राहिला आणि क्लच सोडून दिला. गाडीनं एक जबर हिसका खाल्ला, हौद्यातली वरची क्रेटं कलंडली आणि इंजिन गपकन बंद पडलं. एवढी शांतता झाली की झेंडूची फुलं डांबरावर पडल्याचं ऐकू आलं.

कोंडाजी खाली उतरला आणि चाकाशी बसला. गोजराबाईनं त्याच्या तोंडासमोर पाण्याची बाटली धरली.

तेवढ्यात जीप आली. पुंजाराम उतरला, धूर पाहिला, साडूचा चेहरा पाहिला. त्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं हे दिसत होतं, पण ते त्यानं परत आत ढकललं. “लागलं का कुणाला?” एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तो आपल्या प्रवाशांकडे वळला. “चला, उतरा जरा. उद्या दसरा हाय. फुलं पोचली पाहिजेत.” पाच मिनिटांत क्रेटं टपावर गेली आणि टपावर मावली नाहीत ती माणसांच्या मांडीवर. एका मास्तरांच्या मांडीवर दोन क्रेटं आली, त्यांना समोरचं दिसेना. गोजराबाई मध्ये बसली, कोंडाजी गाडीपाशी थांबला आणि जीप निघाली. त्या दिवशी सिन्नरच्या स्टँडवर उतरलेल्या प्रत्येक माणसाच्या कपड्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

फुलं देऊन गोजराबाईसकट परत आल्यावर पुंजारामनं पिकअपला दोर बांधला आणि ती द्वारकेपर्यंत ओढत नेली. नाशिकरोडच्या भर बाजारातून साडूच्या दोराला बांधलेली ती मिरवणूक ओळखीच्या सगळ्यांनी पाहिली. कोंडाजी स्टिअरिंग धरून ताठ बसला होता. काटा शून्यावर होता. सवयीनं त्यानं तोही पाहिला.

बारकूनं चेंबरचं बूच काढलं. खाली धरलेल्या पाटीत जे पडलं ते पाहून तो म्हणाला, “हे ऑइल हे का चहा?” मग त्यानं वॉल खोलला आणि आतले वायसर एकेक करून कोंडाजीच्या तळहातावर ठेवले. जास्तीच्या दाबानं फीड पंपाचं सील गेलं होतं आणि डिझेल थेंबाथेंबानं ऑइलमध्ये उतरत होतं. “आणखी थोडं चालवलं असतं तर इंजिनाचा चुरा झाला असता. देवानं वाचवलं,” बारकू म्हणाला.

“देवानं नाय,” कोंडाजी हळूच म्हणाला. “तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाय.”

बारकूनं नवं सील टाकलं, ताजं ऑइल भरलं, स्प्रिंग होती तशी बसवली. काटा दीडवर आला. या खेपेला तो काटा काढून टाकावा, असं बारकूचं मत पडलं. कोंडाजीनं गोजराबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “राहू द्या. त्यानं काय केलं? तो खरं तेच सांगत होता.”

त्या दिवसापासून कोंडाजीनं प्रेशर वाढवायचं नाव काढलं नाही. बघायचं मात्र सोडलं नाही. उलट आता तो शहाण्यासारखं बघायला लागला. काटा सव्वावर आला की फिल्टर बदलायचा, एकाखाली गेला की नळ्या तपासायच्या. वर्षं गेली. गावात पिकअपा वाढल्या. घाटात कुणाची गाडी मान टाकायला लागली की तो माणूस बारकूकडे जायच्या आधी कोंडाजीच्या ओट्यावर यायचा. कोंडाजी त्याला चहा पाजायचा आणि आधी वायसरची गोष्ट सांगायचा. ती गोष्ट सांगताना गोजराबाई आतून म्हशीच्या पेंडीचं वाक्य स्वतः म्हणून दाखवायची. ते तिनं दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नाही.

दोन हजार पाच साली कोंडाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. गंगापूर रोडच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. धूळ नको, प्रवास नको, असं बजावलं. पण पंधरवड्यातच पुंजारामच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न होतं आणि मांडवाची फुलं मौल्यांच्या रानातलीच जाणार असं कोंडाजीनं केव्हाच कबूल केलं होतं. गाडी चालवायला मुलगा कुंदन बसला. कडेला कोंडाजी, मध्ये गोजराबाई. तिच्या ओटीत शेवंतीची रास. वाटेत वेण्या करून संपवायच्या होत्या.

कोंडाजीला काटा दिसत नव्हता. पंचवटीत त्यानं विचारलं, “किती?”

“दीड,” गोजराबाई म्हणाली.

नाशिकरोडला पुन्हा विचारलं. “दीड.” शिंदे गावापाशी पुन्हा. “दीडच हाय वं.” घाट लागला. थोडं वर गेल्यावर कोंडाजीनं मान तिरकी केली आणि कान लावून ऐकत राहिला.

“किती?”

“दीड.”

“नाय. एकाच्या खाली हाय. कुंदन, गाडी बाजूला घे.”

कुंदननं काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, पाऊण दाखवतोय.”

गोजराबाईनं हातातली वेणी खाली ठेवली.

“तू बघतच नव्हतीस!” कोंडाजी म्हणाला.

“इतकी वर्सं दीडच तर ऐकतेय,” ती म्हणाली. “म्हणलं, आज बी दीडच आसंल.”

कोंडाजीला हसू आवरेना. डॉक्टरांनी जोरानं हसायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तो तोंड दाबून, हुंदके दिल्यासारखा हसला. फिल्टरमध्ये पाणी साठलं होतं. कधीकधी डिझेलमधूनच पाणी येतं. कुंदननं खालचं बूच सैल करून पाणी सोडलं, हातपंप मारून नळीतली हवा काढली. कोंडाजी शेजारी उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगत होता, “अजून मार... अजून... हां, आता बस.” गाडी सुरू झाली. गोजराबाईनं चष्म्याच्या काचेवर बसलेली धूळ पदरानं पुसली आणि उरलेल्या घाटात खरोखर काट्याकडे बघून खरे आकडे सांगत राहिली.

लग्नघरी मांडव उभा होता, फुलं वेळेत पोचली. चंद्रभागा फुलांकडे बघून खूश झाली. शुभांगीनं मावशीच्या हातची वेणी तिथल्या तिथं माळली. पुंजारामनं आता जीप विकून एक जुनी पिकअप घेतली होती. अंगात सफारी, कपाळाला टिळा, अशा थाटात तो साडूला हाताला धरून मांडवाच्या मागं घेऊन गेला. कोंडाजीला वाटलं, पुन्हा कसली तरी थट्टा आहे.

पुंजारामनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, “साडू, एक काम हाय. कुणाला बोलू नका.”

“काय?”

“माझी गाडी घाटात दम टाकती. तुमच्यासारखा एक काटा बसवायचा होता.”

कोंडाजीनं काळ्या चष्म्यातून साडूकडे पाहिलं. बोलायला त्याच्याकडे बरंच काही होतं. घाट होता, उसाचा ट्रॅक्टर होता, टपावरचा म्हातारा होता. पण त्यानं विचारलं ते एवढंच, “बॉनेट कुठून उघडतं हिचं?”

“आत्ता नाय वं! लग्न लागायचं हाय!”

“नुसतं बघतो. नळी हाताला कशी लागती तेवढं.”

नुसतं बघता बघता दोघं कोपरापर्यंत आत गेले. कोंडाजीनं डोळ्यांनी नाही, बोटांनी नळी दाबून आतून सोललेली, मऊ पडलेली जागा शोधून काढली. पुंजारामला ती चाचपून बघायला सांगितली, त्यानंही हात घातला. तेवढ्यात वाजंत्री वाजायला लागली आणि चंद्रभागेनं मांडवातून हाक मारली, “अहो, मुलीचे वडील कुठं गेले?” दोघं तसेच धावले. मंगलाष्टकं सुरू झाली होती. कुणीतरी त्यांच्यापुढे अक्षतांचं ताट धरलं, दोघांनी काळे हात मागं घेतले आणि नुसत्या माना हलवल्या.

शुभांगीच्या लग्नाचा अल्बम अजून सिन्नरला आहे. त्यात नवरी सुरेख दिसते, वेण्या ताज्या आहेत. मागच्या रांगेत एक सफारीवाला आणि एक काळ्या चष्म्याचा असे दोन साडू उभे आहेत, आणि एकूण एक फोटोत दोघांचे हात पाठीमागं आहेत. कुणाला वाटावं, किती अदबीची माणसं आहेत.